ताटाच्या कडेचं हाड

जत्रेच्या जेवणाला चनबसाप्पा सर पंगतीत माझ्या शेजारी बसायचे, नुसता दहीभात घेऊन. लिंगायत माणूस, जन्मात तोंडात मांसाचा कण गेलेला नाही. पण माझं ताट संपत आलं की हळूच कानाशी यायचे, "सर, कोंबडीच्या गळ्याखालचं बेचकीसारखं हाड तेवढं चावू नका. कडंला ठेवा की." मग ते हाड रुमालात आणि रुमाल खिशात. लोक हसायचे आणि लाज मला वाटायची.

कसबा बावड्याच्या शाळेत मी मराठीचा मास्तर, ते शास्त्राचे. हाडं घरी नेली तर त्यांची अव्वा, म्हणजे आई, त्यांना उंबऱ्याबाहेर उभं करायची, म्हणून शाळेतल्या स्टोव्हवर उकळायचे. डबाभर साठवली होती. वर्गात एकेक हाड पोरांच्या हातात देत सांगायचे, "पाखरं डायनोसॉरच्या वंशातली, असं काही जण म्हणत्यात. पाखराला हे हाड असतंय. त्या जनावरांना होतं का न्हाय, ह्यावर तिकडं भांडण चाललंय. मिटलं की सांगतो." एवढ्या खुशीत मी त्यांना दुसरीकडं कुठं पाहिलं नाही.

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. तपासणीला आलेल्या साहेबांनी आठवीत विचारलं, "पक्षी म्हणजे काय?" एक पोरगी ताडकन उठली, "डायनोसॉरची औलाद, साहेब!" वर्ग खो खो हसला, साहेब नाही हसले. शेऱ्याच्या वहीत दोन ओळी पडल्या. हेडमास्तरांनी सरांना सांगितलं, माफीपत्र द्या, नाहीतर शास्त्राचे तास सोडा.

माझं अक्षर बरं, म्हणून पत्र माझ्या गळ्यात पडलं. समोर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा, डोकं ठणकत होतं. मी लिहिलं, 'मी मुलांना चुकीचे शिकवले.' त्या ओळीवर सरांचं बोट थांबलं.

"चुकीचं न्हाय हो सर. ठरायचं हाय अजून. तेवढं लिवा की."

"सही करा हो," मी वैतागलो. "कोंबडीच्या हाडापायी किती जीव खाणार माझा?"

त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि सही केली.

तास राहिले. डबा मात्र परत वर्गात आला नाही. पुस्तक उघडायचे, वाचायचे, मिटायचे. त्या वर्षी जत्रेलाही आले, दहीभात खाल्ला, हात धुतला, निघाले. मी हाड कडेला ठेवलं होतं. त्यांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. निवृत्तीला दोन वर्षं असताना छातीत कळ येऊन गेले.

पुढं बऱ्याच वर्षांनी पेपरात वाचलं, पाखरांच्या वंशातल्या डायनोसॉरांना ते हाड होतं म्हणे. भांडण बरंचसं मिटलं होतं. एक ओळ खोडून लिहायला मला किती वेळ लागला असता? कंटाळा आला होता, दुसरं काही कारण नाही.

अजून जत्रेला जेवतो. ते हाड आलं की चावत नाही. ताटाच्या कडेला ठेवतो आणि पंगत उठली तरी थोडा वेळ बसून राहतो.