‘काय न्हाय’ शिकलेलं यंत्र

माझा दोस्त शशी गेल्याचा फोन त्याच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी केला, तेव्हा मी तोंडाला रंग फासून मरण्याची तालीम करत होतो. हौशी रंगभूमीवर मी आजवर सात वेळा मेलोय, टाळ्या घेऊन. शशीनं पहिल्याच प्रयोगात बाजी मारली... हृदयविकार. आदल्या दिवशी कॉलेजच्या जिन्यात तो छातीवर हात ठेवून थांबला होता. "काय झालं रं?" मी विचारलं. "काय न्हाय," म्हणत तो वर चढला. आणि मी, दीडशहाणा, गप्प बसलो!

शशी कोल्हापुरात इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. त्याची आई, आक्का, जवळच्या कोडोली गावात. अर्धांगवायूनं तिची वाचा गेलेली. तिला दुखतंय की भीती वाटतेय, कळायला मार्ग नाही. म्हणून त्यानं यंत्र करायला घेतलं. बोटाला चिमटा, मनगटाला पट्टा. नाडी, तळहाताचा घाम, कातडीची ऊब मोजायची आणि शेकडो माणसांच्या नोंदी देऊन संगणकाला शिकवायचं, की हा राग, ही भीती, हा आनंद. पहिला बकरा अर्थात मी. मी डोळे गरागरा फिरवले, गर्जना केली, घळाघळा रडलो. संगणकाच्या पडद्यावरची रेघ जागची हलेना. "नाटक्या," शशी म्हणाला, "तुझं काळीज घोरतंय की! घाम तरी खरा काढ!"

मग त्यानं खरी माणसं बसवली. अचानक फटाका वाजवायचा, जुनी गाणी लावायची आणि विचारायचं, काय वाटलं? एक पैलवान फटाक्यानं खुर्चीतून उडाला, नाडी सुसाट... आणि मिशीला पीळ देत म्हणाला, "काय न्हाय की!" भाजीवाल्या मावशींनी गाणं ऐकून डोळे पुसले. "काय न्हाय ओ." महिनाभरात यंत्र एकच भावना पक्की शिकलं, ‘काय न्हाय’. मी पोट धरधरून हसलो. शशीनं मात्र सगळ्या नोंदी रद्द केल्या. "यंत्र चुकलं न्हाय. आमच्यात सांगतंय कोण? आक्काला बोलता येत हुतं, तवा तरी कुटं सांगितलं तिनं?" दुसऱ्या दिवसापासून त्याचा प्रश्न बदलला. आत्ता काय करावंसं वाटलं? पैलवान पटकन बोलून गेला, "पळावंसं." मावशी म्हणाल्या, "म्हायेरला जावंसं."

पुढं चिमटा आक्काच्या बोटाला लागला. यंत्र चुकायचं, शशी पुन्हा शिकवायचा आणि वहीत टिपायचा. तेराव्यानंतर वहिनींनी ती वही माझ्यापुढं ठेवली. शेवटची ओळ होती, ‘रोज संध्याकाळी पाचला अस्वस्थ. का?’

"भावजी, हे अर्धं सोडायचं न्हाय," वहिनी म्हणाल्या.

आठवडाभर मी पाचच्या आधी कोडोलीत हजर. उशी बदलली, पंखा बंद केला, आक्काची कूस बदलली. पाच वाजले की रेघ वर ती वरच. मग एकदा कान दिला. बाहेरून शेतातून परतणाऱ्या बायकांचा कलकलाट येत होता. रस्त्याकडची खिडकी शशीनंच धुळीपायी बंद करून टाकलेली. वहिनींनी ती धाडकन उघडली.

"ए आक्का! हायस का गेलीस?" रस्त्यावरून एकीनं हाळी दिली.

"जातीया कुटं! बग की, कशी डोळं वटारतीया!" दुसरी खिडकीतून डोकावत म्हणाली.

रेघ हळूहळू खाली आली. योगायोग नको म्हणून चार दिवस पुन्हा पाहिलं. चारही दिवस तसंच.

वहिनींनी शशीच्या ‘का?’खाली लिहिलं, ‘खिडकी बंद होती.’ मग आणखी एक ओळ घातली, ‘सकाळी नऊला अस्वस्थ. का?’ आणि वही माझ्याकडं सरकवली.

"उद्या लवकर या."