माकणीच्या फार्मचा जुना पत्ता

सोमवारी सकाळी, धाराशिवमधल्या माझ्या ऑफिसात, मी एका व्हिजिटिंग कार्डावरचा वेबसाइटचा पत्ता टाइप केला. कार्ड शेळीपालन फार्मचं होतं. स्क्रीनवर जुगाराची साइट उघडली.

कार्ड घेऊन आलेले दोघे टेबलापलीकडे बसले होते. शोभाताई माकणीजवळ, धरणाच्या कडेला शेळ्यांचा फार्म चालवतात. शेजारी त्यांचे सासरे, अण्णा. स्क्रीन त्यांना दिसेल अशीच ठेवलेली होती. हिरव्या टेबलामागे तोकड्या कपड्यांतली एक बाई पत्ते पिसत होती. वर लाल अक्षरं उघडझाप करत होती : आत्ताच खेळा.

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

"ही कोन बाई?"

"माहीत नाही, अण्णा."

"आपल्या गोठ्यावर हिचं काय काम?"

शोभाताईंनी स्वतःच्या मोबाइलवर तोच पत्ता टाकला. तीच बाई आली. त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"सायब, हे कार्ड मी प्रदर्शनात वाटलंय. बचत गटातल्या बायकांना वाटलंय."

"म्या म्हाराजांना दिलंय," अण्णा म्हणाले. "कीर्तनाला आलते तवा. मोबाइलवर बघा म्हनलं, आमची साइट लई भारी हाय."



ते दोघे या कामासाठी आलेच नव्हते. त्यांची तक्रार वेगळी होती : फोन येत नाहीत. फार्मवरून मटणासाठी नव्हे तर पैदाशीसाठी जनावरं विकली जातात. बोकड आणि पाठी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरुण शेळ्या. गिऱ्हाईक जवळचं नसतं. विदर्भातून येतं, कर्नाटकातून येतं, तेलंगणातून येतं. मोबाइलवर 'उस्मानाबादी शेळी' सर्च करतं, फार्मची साइट सापडते, फोटो बघतं, फोन करतं. अनेक वर्षं असंच चाललं होतं. हिवाळा संपला आणि फोन कमी झाले. उन्हाळ्यात बंद पडले.

"आन् बकरी ईद आलीय," शोभाताई म्हणाल्या. "पैदाशीचं गिऱ्हाईक आलं न्हाय तर अण्णा कलेक्टरला बाजारात नेणार."

"कुणाला?"

"बोकडाला हो. कळपाच्या पुढं मान ताठ करून चालतो. कुनाला वाट देत न्हाय. म्हनून कलेक्टर."

कलेक्टर पूर्ण काळा होता, कानांवर पांढरे ठिपके. शोभाताईंनी कळपातून पिढी दर पिढी निवड करत तो वाढवला होता. त्याच्या बऱ्याच पाठी पुढे व्याल्या की जुळी देत. असं जनावर पैदाशीसाठी विकलं तर ते दुसऱ्या कळपात जगतं. बाजारात ते वजनावर जातं, आणि ईदच्या आधी वजनावर गेलेलं जनावर ईदपर्यंतच असतं.

"मला काय हौस हाय व्हय?" अण्णा म्हणाले. "शेडात जागा न्हाय. चारा आटला. ईद गेली की त्याला कोन इचारनार? बसून खानार वर्सभर, खरंच कलेक्टर असल्यागत."

काम ठरलं. आधी दोष शोधायचे. मी आता बिघडलेल्या साइट दुरुस्त करतो, पूर्वी एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. एका ठिकाणाहून कळलेली गोष्ट छापायची नाही, हा तिथला नियम इथेही उपयोगी पडतो. साइट उघडत नाही असं कुणी म्हटलं, तर दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या नेटवर्कवर उघडून बघायची. जुगाराची साइट माझ्या कॉम्प्युटरवर दिसली होती, शोभाताईंच्या मोबाइलवर दिसली होती. म्हणजे व्हायरस नव्हता. पत्त्यावर खरोखरच दुसरं कुणी राहत होतं.

साइट शोभाताईंचा दीर महेश सांभाळत होता. तो पुण्याला नोकरीला आहे. त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"कार्डावरच्या पत्त्यावर काय आहे, माहितीये का?"

"काही नाही. जुनं डोमेन सोडलं आपण."

"सोडलं म्हणजे?"

"रिन्यू नाही केलं. अण्णाच म्हणाले ना. अण्णा आहेत का तिथं?"

"हाय," अण्णा म्हणाले. "बोल."

घडलं ते असं. जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा अण्णांनी सगळ्यात आधी पेंटर बोलावला. शेडवरची पाटी नवी झाली. पिकअपच्या मागचं नाव नवं झालं. लेटरहेड नवं छापलं. मग अण्णांनी महेशला सांगितलं, वेबसाइटची पाटीपण बदल. महेशने धाराशिव नावाचं नवं डोमेन घेतलं आणि साइट तिकडे नेली. पुढे जुन्या डोमेनच्या नूतनीकरणाचा मेसेज आला. महेशने अण्णांना विचारलं.

"मी इचारलं, पाटी उतरवली का? तर म्हनला उतरवली," अण्णा म्हणाले. "मग उतरवल्याल्या पाटीचं भाडं कशाला भरायचं?"

हे समजावून सांगावं लागलं. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कायमचा विकत मिळत नाही. वर्षाच्या भाड्याने मिळतो. भाडं थांबलं की तो मोकळा होतो आणि कुणीही घेऊ शकतो. जुन्या पत्त्याला किंमत असते. शेतीच्या साइटवर, व्हिडिओखाली, प्रदर्शनांच्या यादीत त्याचे दुवे पडलेले असतात. त्यावरून सर्च त्याला विश्वासार्ह समजतं. असे मोकळे झालेले पत्ते उचलणारे लोक टपून असतात. त्यांना शेळ्यांशी देणंघेणं नसतं. इतक्या वर्षांत जमलेला विश्वास हवा असतो.

नाव बदललं तरी जुना पत्ता आपल्याकडेच ठेवायचा असतो, आणि त्यावर आलेल्या माणसाला आपोआप नव्या पत्त्यावर पाठवायचं असतं. याला रीडायरेक्ट म्हणतात. गाव सोडताना पोस्टात नवा पत्ता देऊन ठेवावा तसं. महेशने काही महिने ते केलंही होतं. डोमेन गेलं, त्याबरोबर तेही गेलं.

"म्हंजी," अण्णा सावकाश म्हणाले, "आपली जुनी पाटी उचलून कुनी जुगाराच्या अड्ड्यावर लावली."

"हो."

"आन् गिऱ्हाईक आपलं नाव वाचून आत शिरतंय."

"हो."

अण्णा उठले, ऑफिसच्या दाराबाहेर जाऊन उभे राहिले, परत आले.

इथपर्यंतचा दोष कळला. पण त्याने सगळं उलगडत नव्हतं. नव्या पत्त्यावरची साइट तरी सर्चमध्ये दिसायला हवी होती. सर्चमध्ये एका साध्या सूचनेने एखाद्या साइटची तिथे नोंदलेली सगळी पानं बघता येतात. मी नव्या पत्त्यासाठी ती सूचना दिली. एकही पान आलं नाही. परत दिली. शोभाताईंच्या मोबाइलवर दिली. शून्य. साइट हाताने पत्ता टाकला की उघडत होती, पण सर्चच्या लेखी ती अस्तित्वातच नव्हती.

पानाचा कोड उघडला. वरच्याच ओळींत noindex हा शब्द होता. सर्च इंजिनाचा रोबो, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, हा शब्द वाचतो आणि पान नोंदवत नाही. साइट बनत असताना अर्धवट पानं लोकांना दिसू नयेत म्हणून सेटिंगमध्ये एक टिक करतात. त्या टिकने हा शब्द प्रत्येक पानावर बसतो. साइट सुरू झाली की टिक काढायची असते.

"महेश, ती टिक काढली होती का?"

"कुठली टिक?"

मी सांगितली. पलीकडे माउसचा आवाज आला. 

"वहिनी ऐकतायत का?" त्याने हळूच विचारलं.

"ऐकतीय," शोभाताई म्हणाल्या. "म्हंजी आपन दुकान उघडलं आन् सव्वाशे कोटी लोकांना सांगून ठिवलं, हिकडं येऊ नका."

"वहिनी, मी विसरलो."

"तू विसरलास, आन् बाजाराला कलेक्टर चाललाय."

तिसरा दोष साइट चाळताना डोळ्यांनीच दिसला. फोटोंच्या जागी रिकामे चौकोन होते. कलेक्टरचा फोटो फोटोंच्या पानावर सगळ्यात वर असायचा. तिथेही पांढरा चौकोन. खाली ओळ होती : 'कलेक्टर, पैदाशीचा शुद्ध धाराशिवी बोकड'.

महेशने साइट हलवताना एकाच कमांडमध्ये सगळीकडचं उस्मानाबाद काढून धाराशिव घातलं होतं. त्यात दोन गोष्टी झाल्या. फोटोंच्या फाइलींची नावं सर्व्हरवर जुनीच राहिली आणि पानांवर नवी झाली. पान नव्या नावाची फाइल मागत होतं. तशी फाइल नव्हतीच. दुसरं, शेळीच्या जातीचं नावही बदललं. 'उस्मानाबादी शेळी' हे शब्द साइटवर कुठेच उरले नाहीत. तेलंगणातला माणूस 'धाराशिवी शेळी' सर्च करत नाही. त्याला अशी जात माहीत नाही.

"त्यात काय चुकलं?" अण्णा म्हणाले. "जिल्हा धाराशिव, मग शेळी धाराशिवीच की."

"अण्णा, नाव जिल्ह्याचं बदललं," शोभाताई म्हणाल्या. "शेळीनं कुठं अर्ज दिला हुता?"

मंगळवारी नव्या साइटवरचे दोष दुरुस्त केले. टिक काढली. जातीचं नाव परत आणलं, पत्त्यात आणि पाटीवर धाराशिव तसंच ठेवलं. फोटोंच्या फाइलींची नावं जुळवली. पांढऱ्या चौकोनात कलेक्टर दिसायला लागला. सर्च कंपनी साइटच्या मालकाला एक मोफत पॅनेल देते. त्यातून पानं पुन्हा तपासा अशी विनंती पाठवली. संध्याकाळी शोभाताईंना फोन केला. अण्णांनी उचलला.

"झालं का? उद्यापास्नं फोन येतील?"

"नाही, अण्णा. रोबो येऊन पानं वाचेल, मग दिसायला लागतील."

"कवा येतो त्यो?"

"सांगता येत नाही. कधी काही दिवस, कधी काही आठवडे."

"एसटीचं तरी टाइमटेबल असतं, सायब."

मागे शोभाताईंचा आवाज आला. दोघांचं काही बोलणं झालं, मला ऐकू आलं नाही. मग अण्णा म्हणाले, "सुनबाईसाठी एक आठवडी बाजार थांबतो. त्याच्या म्होरं न्हाय."

जुन्या पत्त्याच्या मालकाचा शोध लागला नाही. त्याने नाव झाकून ठेवलेलं होतं. डोमेन विकणाऱ्या कंपनीमार्फत निरोप पाठवला, उत्तर आलं नाही. जिथे जिथे जुना दुवा होता त्या साइटवाल्यांना मी मेल केले. काहींनी दुवे बदलले, काहींनी मेल उघडले नाहीत. उरलेल्या कार्डांचा खोका अण्णांनी चुलीत घातला. महाराजांकडचं कार्ड ते स्वतः जाऊन परत घेऊन आले. महाराजांनी साइट बघितली होती का, हे विचारायचं धाडस झालं नाही, असं त्यांनी मला सांगितलं.

पहिला बाजार गेला. पॅनेलमध्ये फक्त मुख्य पान नोंदलेलं दिसत होतं. मी रोज बघत होतो, शोभाताई रोज विचारत होत्या. फोटोंचं पान रांगेत होतं.

दुसऱ्या बाजारादिवशी दुपारी त्यांचा फोन आला.

"गेला कलेक्टर."

"अण्णांनी नेला?"

"अण्णांनीच. पिकअपमधी चढंना. मला हाक मारायला लागली. मी हाक मारली, मग चढला."

त्यानंतर त्यांनी विचारलं, पान आलं का. मी बघितलं. आलं नव्हतं.

फोटोंचं पान त्याच आठवड्यात सर्चमध्ये नोंदलं गेलं. शोभाताई नवी कार्डं न्यायला धाराशिवला आल्या होत्या आणि माझ्या ऑफिसात बसून छपाई तपासत होत्या. त्यांचा मोबाइल वाजला. नंबर अनोळखी होता. दोन वाक्यं ऐकून त्या कानडीत बोलायला लागल्या. त्यांचं माहेर सीमेवरचं आहे. मला कानडी येत नाही. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, त्यातला एक शब्द मला कळला. कलेक्टर. थोड्या वेळाने तोच शब्द परत आला.

शोभाताईंनी फोन ठेवला.

"काय म्हणाला?"

"फोटोतला काळा बोकड कुनाला देऊ नका म्हनतोय. गाडी काढतो म्हनला."

"मग?"

"म्हनलं, त्यो न्हाय आता. त्याच्या पाठी हायत."

त्यांनी कार्डांचं पाकीट पिशवीत ठेवलं. चहा तसाच राहिला होता, तो घेतला.

"त्यो फोटो तेवढा काढा, सायब."

मी तो त्यांच्यासमोरच काढला. तो माणूस बीदरकडून आला आणि कलेक्टरच्या पाठी घेऊन गेला. त्यानंतर फार्मचे फोन सुरू झाले आहेत.

साइटवरून काढलेला फोटो सर्चमधून लगेच जात नाही. रोबो परत येऊन बघेपर्यंत जुनी प्रत तिथे राहते. ती लवकर काढावी, अशी विनंती पाठवली आहे. जुन्या पत्त्यावर जुगाराची साइट चालू आहे. आज सकाळी 'उस्मानाबादी बोकड' सर्च केलं. पहिला फोटो कलेक्टरचा आला.