जळगाव स्वस्त कसं पडलं

जळगाव हे धुळ्यापेक्षा स्वस्त शहर आहे, हे मी शास्त्रशुद्ध पद्धतीने सिद्ध केलं. तेव्हापासून आमचा घरखर्च दुप्पट झाला आहे.

ईशान, मुक्ता, तुम्ही दोघं मेलबर्नहून सारखे विचारता की धुळ्याचं चांगलं बांधलेलं घर विकून आम्ही या वयात जळगावला का आलो. तुमचे आजोबा या प्रश्नावर नुसते हसतात. म्हणून मीच लिहायला बसले आहे. या प्रकरणातला सगळा मूर्खपणा माझा आहे आणि त्याचं श्रेय दुसऱ्या कोणी घेतलेलं मला चालणार नाही.

सुरुवात ईशानपासून झाली. अ‍ॅडलेडची नोकरी घ्यावी की नाही हे ठरवायला त्याने एका वेबसाइटवर दोन्ही शहरांची नावं घातली, आणि घरभाड्यापासून दुधापर्यंत सगळी तुलना पुढे आली. मग गंमत म्हणून त्याने धुळे आणि जळगाव घातलं. उत्तर आलं: पुरेशी माहिती उपलब्ध नाही.

"आजी, तूच भर ना माहिती," तो म्हणाला.

कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला 'माहिती पुरेशी नाही' असं कोणी म्हणू नये. ती पुरेशी करून सोडते.

त्यातच धुळ्यातल्या, आमच्या देवपूरच्या घराचा प्रश्न उभा होता. जिना आम्हाला झेपेना. शेजारच्या डॉक्टरांना आपलं हॉस्पिटल वाढवायचं होतं आणि त्यांना आमचं घर हवं होतं. संक्रांतीपर्यंत हो की नाही कळवा, म्हणाले. 'नाही' म्हणायचं तर देवपुरातच लिफ्ट नाहीतर गुडघे बसवून घेणं आलं. 'हो' म्हणायचं तर जायचं कुठे? आजोबांचं मत धुळं. सरळ रस्ते, पांझरा नदीकाठचं सकाळचं फिरणं, ओळखीचा चहावाला. माझं मत जळगाव, कारण तिथून हाकेवर असोदा, माझं माहेर. पण आजी झालेल्या बाईने 'मला माहेराजवळ राहायचंय' असं कसं म्हणायचं? म्हणून मी म्हणाले, "राहणीमानाचा खर्च आणि दर्जा यांचा तटस्थपणे अभ्यास केला पाहिजे."

"निकाल ठरलेला असताना परीक्षा कशाला घेतेस?" आजोबा म्हणाले.

मी दुर्लक्ष केलं. (चांगल्या संशोधकाला ते जमावं लागतं.) थंडीत जळगावला महिनाभर फ्लॅट भाड्याने घेतला. नियम असा की धुळ्यात जे घेतो तेच इथे घ्यायचं, तेवढंच घ्यायचं आणि भाव लिहायचा.

पहिल्याच दिवशी माझ्या संशोधनावर संकट कोसळलं. दोन्ही शहरांतले भाव सारखेच निघाले. टोमॅटो सारखे, दूध सारखं, रिक्षावाल्याची घासाघीससुद्धा सारखी! आजोबा पिशवी धरून मागे चालत होते आणि फार सुखात दिसत होते.

मला वाचवलं ते माझ्या प्रल्हादभाऊने. तो असोद्याहून मोटारसायकलवर आला, मागे पोतं बांधून. पोत्यात भरताची हिरवी वांगी.

"अक्का, हे घे. आत्ता तोडले. बियाचं नाव नाही."

"भाऊ, नियम आहे. याचे पैसे घ्यावे लागतील."

"कोनाचा नियम?"

"माझाच."

"मंग तुह्यापाशीच राहू दे. मायेरच्या वांग्याचे पैशे घेतले तं गावात मले कोनी उभं करीन का?"

मी घेतली वांगी. भाव काय लिहायचा? जो दिला तो, म्हणजे शून्य. प्रामाणिकपणा म्हणजे प्रामाणिकपणा!

मग असोद्यात बातमी पसरली की अक्का जळगावला आली. आता मुलांनो, हे तुम्हाला ठाऊक नसेल. आमच्याकडे मुलगी एका घराची नसते, ती गावची लेक असते. त्या हिशेबाने अख्खं असोदा माझा भाऊ लागतं. एक भाऊ केळीचा घड देऊन गेला. दुसऱ्याने तूरडाळ आणली, तिसऱ्याने ज्वारी. एका भावाला मी जन्मात पाहिलं नव्हतं, त्याने कांद्याची पात आणि मिरच्या आणल्या. भाजी शून्य, फळं शून्य, धान्य शून्य.

"हे काय बाजारभाव आहेत?" आजोबांनी विचारलं.

"ही वस्तुस्थिती आहे," मी म्हणाले, आणि रविवारी फोनवर तुम्हाला सगळं वाचून दाखवलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. ईशानने ते वेबसाइटवर भरलंसुद्धा. जगात आता एकच शहर असं आहे जिथे भाजी फुकट मिळते.

आठवडाभराने परतफेड सुरू झाली.

जळगावला माणूस उगाच येत नाही. तो सोनं घ्यायला येतो, डॉक्टरला दाखवायला येतो, कोर्टात तारखेला येतो, मुलाच्या अ‍ॅडमिशनला येतो. आणि लेकीचं घर गावात असताना तो बाहेर पाणी पीत नाही. प्रल्हादभाऊकडे लग्न होतं. नवरीसाठी पाटल्या घ्यायला बायका निघाल्या आणि 'अक्काकडे हातपाय धुऊन जाऊ' म्हणून जीपभर उतरल्या. हातपाय धुतले, पाणी प्यायल्या. मग एकीने स्वयंपाकघरात डोकावून म्हटलं, "वांगे तं हायेत की घरात."

झालं. फुकटच्या वांग्याइतकी महाग वस्तू जगात नाही. वांगी एकटी येत नाहीत. त्यांच्या मागे तेल येतं, शेंगदाणे येतात, भरतासोबत पुऱ्या येतात आणि पुऱ्यांसाठी पुन्हा तेल येतं. गॅसवर भाजलेलं भरीत असोद्याची माणसं भरीत मानत नाहीत, म्हणून दुसऱ्या खेपेला ते कापसाच्या वाळलेल्या काड्या घेऊनच आले आणि गच्चीवर जाळ पेटवला.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पापड वाळत घातले होते. राख थेट पापडांवर! सोसायटीचे सेक्रेटरी तरातरा जिना चढून आले.

"मॅडम, ही गच्ची आहे, शेत नाही."

"बसा ना साहेब," प्रल्हादभाऊ म्हणाला, "गरम गरम हाये."

साहेब बसले. खाल्लं. हात धुतले आणि म्हणाले, "नियमाप्रमाणे अर्ज द्यावा लागेल. रविवारी सगळ्या सोसायटीचंच ठेवा, म्हणजे तक्रार कोण करणार?"

रविवारी मी सगळ्या सोसायटीला भरीत घातलं. पापडवाल्या बाई डबा घेऊन आल्या होत्या.

पाटल्या एका दिवसात ठरत नाहीत, हेही मी तेव्हा शिकले. एक दिवस बघायला, एक दिवस घ्यायला आणि एक दिवस बदलायला. मध्येच कोणाचे एक्स-रे यायचे असायचे. ती माणसं आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर आडवी होऊन वाट बघत. एकदा दुपारी मी चष्मा शोधत बेडरूममध्ये गेले तर माझ्या पलंगावर एक अनोळखी म्हातारे आबा घोरत होते. मी हळूच दार लोटून घेतलं. कोण जाणे, तेही भाऊच लागत असतील.

तेव्हा मला देवपूर आठवलं. दुपारी तिथे इतकं शांत असायचं की भिंतीवरच्या घड्याळाचा कंटाळा यायचा. तिथली माणसं आधी फोन करतात, मग येतात आणि चहा झाला की उठतात. राहणीमानाचा दर्जा, मुलांनो, तो हाच. मला धुळ्याला परत जायचं होतं! पण बोलू कोणत्या तोंडाने?

आणि आजोबा? ते या गर्दीत मधोमध पाय दुमडून बसलेले. असोद्याची माणसं त्यांना नाना म्हणत आणि ते केळीच्या भावावर असं बोलत की जणू बाग यांचीच. पत्ते खेळत, हरत आणि हसत. मला वाटलं, मारून मुटकून बसलेत बिचारे.

म्हणून मी एक डाव टाकला. देवपूरच्या आमच्या शेजारच्या कोकिळावहिनींना चार दिवस बोलावून घेतलं. त्या धुळ्याच्या कट्टर. त्या येतील, जळगावला नावं ठेवतील, आजोबांना घराची आठवण येईल, असा हिशेब. वहिनी बसने आल्या. प्रल्हादभाऊच्या हातचं भरीत खाल्लं. त्या बायकांबरोबर सराफ्यात जाऊन स्वतःला कानातले घेऊन आल्या. आणि भर पंगतीत आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "बाई वं, आठे तं बठ्ठं झकास शे! आपला देवपूरमा काय शे? कुलूप आनि कुत्रं."

इथे सगळंच झकास, असं खुद्द धुळ्याच्या बाईने म्हटल्यावर आजोबा तर मांडीवर थाप मारून हसले.

संक्रांत जवळ आली. आता मान खाली घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी आजोबांना गॅलरीत नेलं, दार लावलं आणि कॉलेजात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "अभ्यासाअंती असं दिसतं की तेल, गॅस आणि दूध धरता धुळं पुष्कळच स्वस्त पडतं. डॉक्टरांना नाही म्हणून कळवू या."

"मी हो कळवलं," आजोबा म्हणाले.

"कधी?"

"भाजी शून्य म्हणून पोरांना वाचून दाखवलंस ना, त्याच दिवशी."

"पण तुम्हाला तर धुळं हवं होतं! तुमचं फिरणं, तुमची माणसं..."

"कुठली माणसं? दोघं पुण्याला मुलांकडे गेले, देशपांडे वारले. एक वर्ष झालं, मी पांझरेवर एकटाच फिरतो. तुला सांगितलं नाही इतकंच." मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि तुला माहेराजवळ राहायचंय हे मला कळत नव्हतं होय? त्यासाठी एवढं संशोधन कशाला? नुसतं सांगायचं."

आत कोणीतरी हाक मारली, "अक्का, पीठ संपलं व!"

अशा माणसाला, मुलांनो, काय सांगणार? मी आत गेले आणि पीठ भिजवलं.

तर आम्ही आता जळगावकर आहोत. आजोबांचं वजन वाढलं आहे. मी मात्र दर दोन महिन्यांनी रक्तदाब तपासायला धुळ्यालाच जाते, त्याच शेजारच्या डॉक्टरांकडे. "जुना डॉक्टर तो जुना डॉक्टर," मी घरी सांगते आणि सकाळची बस पकडते. मागच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "बाई, प्रेशर उत्तम आहे. घरी जा." मी म्हटलं, एक दिवस देखरेखीखाली ठेवलंत तर बरं होईल. ते माझ्याकडे बघत राहिले, पण खोली रिकामी होती. वरच्या मजल्यावरची, स्पेशल. पूर्वी ती आमची झोपायची खोली होती. जिना काढून त्यांनी लिफ्टही बसवली आहे.

मी रीतसर आगाऊ पैसे भरले, खिडकी उघडली आणि पाठ टेकली. कुठे आवाज नाही, हाक नाही, तेलाचा वास नाही. संध्याकाळी नर्स आली. खोलीभर नजर फिरवून कळवळून म्हणाली, "आजी, सोबत कोणीच नाही का हो तुमच्या?"

"नाही ना," मी म्हणाले. "त्याचेच तर पैसे भरलेत."