गुन्वोर जखमी होते

शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर गुन्वोर जखमी व्हायला लागली.

आमच्या खोऱ्यात एक वर्षाआड, मार्च महिन्यात, कितीतरी देशांचं सैन्य बर्फात लढायचा सराव करायला येतं. रस्त्यावर रणगाडे फिरतात, दुकानातला पाव दुपारीच संपतो, आणि लष्करी डॉक्टरांना हात बसवायला जखमी माणसं लागतात. ती आम्ही गावकरी पुरवतो. तोंडाला रंग फासायचा, अंगावर खोटं रक्त ओतायचं, जखमेचं नाव लिहिलेला पुठ्ठा गळ्यात अडकवायचा आणि बर्फात पडून राहायचं. खरंच कुणाला काही झालं तर 'खेळ नाही' असं ओरडायचं, की सगळं तिथल्या तिथे थांबतं. एवढाच नियम.

गुन्वोरचा यात हात धरणारं कुणी नव्हतं. एरवी दुकानात भरली पिशवी फाटली तरी तोंडातून शब्द न काढणारी ही बाई बर्फात आडवी झाली की अशी किंचाळायची की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागायची. एकदा एका इटालियन जवानाच्या डोळ्यांत तिनं पाणी आणलं होतं. त्यानं तिच्यासाठी देवाचा धावा केला, हे ती आजही अभिमानानं सांगते.

लोकांना वाटायचं, म्हातारीला नाटकाची हौस आहे. हौस होतीच. पण नवरा गेल्यापासून गुन्वोरच्या अंगाला माणसाचा हात लागला नव्हता. इथं मात्र कुठल्या कुठल्या देशांची पोरं येऊन तिचं नाव विचारायची, तिला उचलायची, पांघरूण घालायची, 'घाबरू नकोस, मी आहे' म्हणायची. खोटं का असेना, त्यावर तिची पुढची दोन वर्षं निघायची.

यंदा मात्र तिचं हे सुख धोक्यात आलं. जखमींची व्यवस्था बघणारी लेफ्टनंट सुनिवा बर्गन शहरातून बदलून आलेली, कामाला चोख मुलगी. तिनं गुन्वोरचं वय ऐकलं आणि भुवया वर गेल्या.

"तुम्ही तंबूत बसा ना. गरम असतं. सगळ्यांना खायला गोड वाफल करा."

"वाफल मी शाळेत जन्मभर केले. मला बर्फात पडायचंय."

"काही झालं तर?"

"झालं तर पुढच्या वेळेपासून करीन वाफल. ठरलं?"

"ठरलं," सुनिवा हसून म्हणाली. "पण मी शब्दाची पक्की आहे हं."

जखमींमध्ये गुन्वोरच्या शेजारी नेहमी हाल्वर असायचा. तिच्या समोरच्या घरात राहणारा, बिनलग्नाचा, घुमा. तो दरवेळी मेलेला व्हायचा, कारण मेलेल्याला बोलावं लागत नाही. हिवाळाभर पहाटे ट्रॅक्टर काढून हाल्वर तिच्या दारातला बर्फ साफ करायचा आणि ती त्याच्या पायरीवर माशाच्या वड्यांचा डबा ठेवून यायची. याबद्दल दोघांनी एकमेकांना कधी अवाक्षर विचारलं नाही. आमच्याकडे अशीच रीत आहे. दुखणंही कुणी बोलून दाखवत नाही. छप्पर उडालेला माणूस 'जरा वारा होता' म्हणतो.

त्या दिवशी ट्रकमधून उतरताना बर्फाखाली दडलेल्या रस्त्याच्या निसरड्या काठावर गुन्वोरचा पाय सरकला. घोट्यात काहीतरी मोडल्याचं तिला आवाजावरूनच कळलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. समोर सुनिवा उभी होती.

"लागलं का?" हाल्वरनं विचारलं.

"चालतंय."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, पण रीतीप्रमाणे पुढे काही बोलला नाही. गुन्वोर दात आवळून आपल्या जागेपर्यंत गेली, रेनडिअरच्या कातड्यावर आडवी झाली. हाल्वर शेजारी डोळे मिटून मेला.

थोड्या वेळानं डच तुकडी आली. योस्ट नावाचा लालबुंद गालांचा पोरगा तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला. पुठ्ठ्यावर छातीची जखम होती. गुन्वोरनं किंकाळी फोडली, त्याच्या बाहीला लोंबकळली, मुलाबाळांची नावं घेतली. तिला मूलबाळ नव्हतं. पोरगा घामाघूम झाला. मग शिकवल्याप्रमाणे तो डोक्यापासून पायांपर्यंत चाचपत गेला आणि त्यानं तो घोटा दाबला.

गुन्वोर एकदम गप्प झाली.

"इथं दुखतंय?" योस्टनं विचारलं.

"छे. चालतंय, बाळा," ती हळूच म्हणाली. "तू छातीचं बघ."

योस्टला ते पटलं. तो छातीकडे वळला. तेवढ्यात शेजारचा मेलेला माणूस उठून बसला.

"खेळ नाही!" हाल्वर ओरडला. त्याचा एवढा मोठा आवाज गावात कुणी ऐकला नव्हता. "खेळ नाही! हिचा पाय मोडलाय!"

"पण त्या तर म्हणतात, काही नाही."

"म्हणूनच सांगतोय! ही ओरडते तेव्हा हिला काही झालेलं नसतं!"

शिट्ट्या वाजल्या, सगळं थांबलं. लुटुपुटीच्या लढाईसाठी उभारलेल्या इस्पितळात गुन्वोर खरोखरीची रोगी म्हणून गेली. प्लास्टर घालताना तिनं 'आई' सुद्धा म्हटलं नाही. मग सुनिवा येऊन कॉटशी उभी राहिली. तिलाच वाईट वाटत होतं.

"वाफल," गुन्वोरच म्हणाली. "ठरलं होतं आपलं. जा पोरी, तुझी कामं पडलीत."

सुनिवा गेल्यावर तिनं तोंड तंबूच्या कापडाकडे वळवलं. पुन्हा कुणी तिचं नाव विचारणार नव्हतं, पांघरूण घालणार नव्हतं. एवढं वाईट तिला पायाचं वाटलं नव्हतं.

हाल्वर स्टूल ओढून बसला. तोंडावरची मेल्याची पांढरी पावडर त्यानं अजून पुसली नव्हती.

"गप्प पडून राहायला काय झालं होतं तुला?" ती चिडून म्हणाली. "मेला होतास ना?"

"कंटाळलो."

"कशाला?"

"गप्प राहायला."

गुन्वोरनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बाहेर कुठेतरी हेलिकॉप्टर उतरत होतं. हाल्वरनं हातमोजे काढले, नीट घडी करून मांडीवर ठेवले आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"हे काय?"

"डॉक्टर म्हणाला, हात गरम ठेवा."

"डॉक्टर असलं काही म्हणाला नाही. मी इथंच होते."

"नाही म्हणाला," हाल्वरनं कबूल केलं. पण हात सोडला नाही, आणि तिनंही काढून घेतला नाही.