चलान तात्यांच्या नावावर

रॅली करणाऱ्या माणसाकडे रॅलीतले किस्से फार नसतात. रॅलीत सगळे शुद्धीवर असतात. किस्से होतात ते रॅलीला जाताना, आणि कुणी मुद्दाम गोळा न करता साठत जातात. घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे. एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात.

आधी आमची रॅली म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही टीव्हीवरचं काहीतरी डोळ्यांपुढे आणाल. आमच्यात जोरात पळायचं नसतं. आयोजक एक कागद देतात. इथून तिथपर्यंत सरासरी चौतीस, पुढे एकोणतीस, त्याच्या पुढे एकेचाळीस. वाटेत कुठेतरी झाडाखाली माणसं घड्याळ घेऊन बसलेली असतात. उशिरा पोचलात तर गुण कापतात, आणि लवकर पोचलात तरी कापतात. गाडीत शेजारी बसून याचं गणित करणाऱ्याला नॅव्हिगेटर म्हणतात. तो मी. नाशिकला एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. गाडी चालवतो विलास भामरे. मूळचा नामपूरचा, नाशकात ठिबकच्या नळ्या विकतो.

आता सेकंदासेकंदाचा विचार करणारी ही माणसं घरून वेळेत निघत असतील असं तुम्हाला वाटेल. विलास निघत नाही. त्याचं आवरणं हा वेगळा विषय आहे, तो त्याच्या बायकोने लिहावा.

*

पहिल्यांदा धरलं ते दिंडोरीच्या अलीकडे.

"एवढी काय घाई?" हवालदारांनी विचारलं.

"साहेब, स्पर्धा आहे. नऊला हजेरी."

"कसली स्पर्धा?"

विलास खरं बोलला. "हळू चालवायची."

हवालदारांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. जुनी जिप्सी, दारावर मोठा नंबर चिकटवलेला, पुढे जादा दिवे, आत दोन घड्याळं. ते परत खिडकीशी आले.

"हळू म्हणजे किती?"

"चौतीस."

"मशीनवर ब्याण्णव आलंय."

"ते स्पर्धेच्या आधीचं, साहेब."

"मग आधीपासूनच प्रॅक्टिस करत जा," असं म्हणून त्यांनी गाडीचा फोटो काढला.

*

विलासला वाटलं, विषय मिटला. मिटला नव्हता. जिप्सी घेतली तेव्हा तो नाशकात भाड्याने राहायचा आणि दर अकरा महिन्यांनी त्याचा पत्ता बदलायचा. म्हणून गाडी वडिलांच्या नावावर घेतलेली. त्यामुळे फोटोसकट मेसेज गेला तो नामपूरला, तात्यांच्या मोबाइलवर.

तात्या म्हणजे एसटीतले रिटायर्ड ड्रायव्हर. एकतीस वर्षं बस चालवली. एक अपघात नाही, एक मेमो नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला, तो अजून बैठकीत भिंतीवर आहे. गावात त्यांची ओळख तेवढीच, आणि त्यांना तेवढी पुरते. आमच्याशी ते एरवी मराठीत बोलतात, चिडले की अहिराणीवर येतात. त्या दिवशी विलासने फोन उचलला आणि पहिलंच वाक्य अहिराणीत आलं.

"मी आठे वट्टावर बठेल शे, आन ह्या माले सांगतस, तुम्ही दिंडोरीले ब्याण्णववर व्हतात."

तात्या घरच्या ओट्यावर बसलेले, आणि मेसेज त्यांनाच दिंडोरीला ब्याण्णववर दाखवत होता. विलास म्हणाला, "तात्या, ते गाडीच्या मालकाला जातं. तुमचा काही संबंध नाही."

"नाव कोनं शे?"

नाव तात्यांचंच होतं. एकतीस वर्षं ज्या नावावर काही आलं नाही, त्या नावावर मुलामुळे पहिला डाग आला, आणि तोही घरी बसल्या बसल्या. माणसाला राग येणारच. मला विचाराल तर मला तात्यांचंच बरोबर वाटलं, पण मला कोणी विचारलं नाही.

*

दुसरं चलान माझ्यामुळे. मी नाकारत नाही.

सिन्नरहून घोटीकडे चाललो होतो. वळणावर गाडी थांबवली, पोलिसाने मशीन दाखवलं. चौऱ्याण्णव. विलासने नमस्कार केला, नातेवाईक दवाखान्यात असल्यासारखा चेहरा केला, आणि पोलीस थोडे नरमल्यासारखेही दिसत होते. तेवढ्यात माझं लक्ष त्या आकड्याकडे गेलं. आता रॅलीसाठी आम्ही जो मीटर बसवतो, तो मी स्वतः मैलाच्या दगडांवर तपासून घेतलेला असतो.

मी म्हणालो, "साहेब, चौऱ्याण्णव नाही. सत्त्याण्णव होतं. तुमचं मशीन कमी दाखवतंय, एकदा तपासून घ्या."

पोलिसाने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग विलासला विचारलं, "हे तुमच्याच बाजूचे आहेत ना?"

"रॅलीत माझ्या," विलास म्हणाला.

"मी चौऱ्याण्णवच लिहितो. सरांची काही हरकत?"

माझी हरकत होती, पण विलासने माझ्या मांडीवर हात ठेवला होता आणि तो प्रेमाने ठेवलेला नव्हता. घोटीपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. घोटीला पोचायच्या आत तात्यांचा फोन आला आणि मग तात्या एकटेच बोलले.

*

सवय माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही.

रॅलीत ठरलेल्या जागी चमकतं जॅकेट घातलेला माणूस उभा असतो. गाडी त्याच्याजवळ थांबवायची, खिडकीतून वेळेचं कार्ड द्यायचं, तो वेळ लिहून सही करतो, की निघायचं. गिरणाऱ्याकडच्या एका रॅलीत असंच एका वळणावर चमकतं जॅकेट दिसलं. माणूस रस्त्याच्या मध्ये येऊन दोन्ही हात हलवत होता. विलासने त्याच्या पायाशी गाडी थांबवली, कार्ड बाहेर धरलं आणि म्हणाला, "लवकर सही करा, सेकंद चाललेत."

माणूस गडबडला. त्याने पेन काढलं. "वेळ पण टाकू का?"

"टाका की."

त्याने घड्याळ बघून वेळ टाकली, सही केली, आम्ही निघालो. दोनेक किलोमीटर गेल्यावर मी कागद पाहिला. त्या वळणावर आमचं कोणी नव्हतं.

संध्याकाळी निकालाच्या वेळी आयोजक ते कार्ड उलटंसुलटं करून बघत बसले. थांबे पाच, सह्या सहा. आणि सहाव्या सहीखाली बक्कल नंबर होता.

*

आमच्यात वर्षाताई म्हणून एक आहेत. बँकेत काउंटरवर असतात आणि महिलांच्या रॅलीत गाडी चालवतात. त्यांना धरलं ते नेमकं रस्ता सुरक्षा सप्ताहात. त्या सप्ताहात पोलीस दंडाऐवजी गुलाबाचं फूल देतात, म्हणजे माणसाला लाज वाटावी. शेजारी फोटोग्राफर असतो. वर्षाताईंचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात. अधिकारी फूल देतायत, ताई हसून घेतायत. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की वेगमर्यादा मोडणाऱ्यांना गुलाब.

बारीक अक्षरं कोण वाचतो? सकाळपासून काउंटरवर माणसं येऊन अभिनंदन करायला लागली. एका आजोबांनी पासबुकाबरोबर पेढा आणला. दुपारी मॅनेजर साहेबांनी सगळ्या स्टाफला बोलावून छोटा सत्कारच ठेवला, "आपल्या शाखेला अभिमान" वगैरे.

"मग तुम्ही सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"सांगणार होते हो," ताई म्हणाल्या, "पण त्यांनी शाल आणली होती."

घरी नवरोबांनी मात्र बारीक अक्षरं वाचली होती. ते एवढंच म्हणाले की एकवीस वर्षांत मी गुलाब दिला नाही म्हणून पोलिसांकडून घ्यायचा नव्हता.

*

तिसरं चलान आलं तेव्हा तात्या स्वतः समोर होते.

त्या वर्षी दिलेली सरासरी सगळ्यांत अचूक राखल्याबद्दल आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. विलासने तात्यांना नामपूरहून मुद्दाम बोलावलं. दोन चलानांचा राग जावा, मुलगा शिस्तीत गाडी चालवतो हे त्यांनी डोळ्यांनी बघावं, असा त्याचा बेत. तात्या धुतलेली टोपी घालून पहिल्या रांगेत बसले. विलास सकाळी पिंपळगावला एका गिऱ्हाइकाकडे गेला होता, तो धावतपळत ऐन वेळी हॉलवर पोचला.

आम्ही स्टेजवर गेलो. सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, "वेगावर ताबा म्हणजे काय, ते भामरे सरांकडून शिकावं." टाळ्या पडल्या. आणि स्टेजवरून मला दिसलं, तात्यांनी खिशातून मोबाइल काढला. चष्मा लावला. वाचलं. पिंपळगावच्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने विलासला टिपलं होतं; कॅमेऱ्याचे मेसेज एरवी दोन-दोन दिवसांनी येतात, त्या दिवशी दोन तासांत आला होता.

तात्या टाळ्या संपेपर्यंत थांबले. कार्यक्रम होऊ दिला. जेवणही केलं. मग हात धुता धुता शांतपणे म्हणाले, "आखो एक उनं ना, गाडी इकी टाकसू."

आणखी एक आलं की गाडी विकणार. तात्या बोलतात ते करतात. विलासने ट्रॉफी माझ्याकडे दिली आणि तो बराच वेळ पार्किंगमध्ये जिप्सीजवळ उभा राहिला. ती गाडी त्याने सात वर्षं एकेक नट करून उभी केली होती. मला त्याच्याकडे बघवेना.

*

यंदाची रॅली नामपूरहून सुटणार होती. मार्केट यार्डातून, रविवारी, लिलाव बंद असताना. विलासचं गाव, त्याच्या शाळेतले मित्र, सगळी भावकी बघायला येणार. आणि तात्या नेमके डोळे तपासायला नाशिकला आलेले. म्हणाले, "मीच बसतो बरोबर. बघू कसं चलान येतं ते."

ते पुढे डावीकडे बसले, मी मागे. सहाला निघालो. तात्या असल्यामुळे सहा म्हणजे सहा. विलासने काटा साठच्या वर जाऊ दिला नाही. नऊला तपासणी बंद होणार होती. मूळ लायसन्स दाखवायचं, गाडी दाखवायची, आणि नऊनंतर आलेल्या गाडीचं नाव कापायचं, असा नियम. वेळ भरपूर होता.

भावडबारीच्या घाटात एक कंटेनर वळणावर आडवा झालेला. सव्वा तास तिथे गेला. देवळा मागे पडलं तेव्हा तात्यांनी मान न वळवता विचारलं, "मास्तर, पोचतो का आपण?"

"साठने गेलो तर नऊ वाजून बारा मिनिटं."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही पोचत."

विलासचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. तात्या रस्त्याकडे बघत राहिले. एक गाव गेलं, एक पूल गेला.

"किती लागेल?"

"ऐंशी," मी म्हणालो. "वाटेत कुठे थांबलो नाही तर."

"दाब," तात्या म्हणाले.

विलासला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं. "काय?"

"दाब, म्हनस ना मी."

विलासने दाबलं. ऐंशीवर थांबायला पाहिजे होतं. विलास तो, थांबला नाही. सटाण्याच्या अलीकडे झाडामागे पोलिसांची गाडी उभी होती.

पोलीस तरुण होता. मशीनवर अठ्ठ्याण्णव. त्याने गाडीचा नंबर टाकला आणि मान हलवली. "आधीची तीन आहेत. लायसन्स द्या. जमा करावं लागेल, आरटीओकडे जाईल."

विलासने लायसन्स काढलं. लायसन्स गेलं की नामपूरला जाऊन नुसतं बघ्यांत उभं राहायचं, आणि घरी गेल्यावर गाडीही विकायची.

तात्या खाली उतरले. गाडीच्या पुढून वळसा घालून आले, स्वतःचं लायसन्स काढून पोलिसापुढे धरलं. "हे घ्या. गाडी मी चालवत होतो."

पोलिसाने लायसन्स पाहिलं, मग डावीकडचं उघडं दार पाहिलं, मग स्टेअरिंगवर बसलेला विलास.

"बाबा, तुम्ही त्या बाजूला बसला होतात. स्टेअरिंग या बाजूला असतं."

"स्टेअरिंग कुठल्या बाजूला असतं ते मला ठाऊक आहे. एकतीस वर्षं एसटीत तेच धरलं."

"मग?"

"आज त्याने नुसतं धरलं होतं. चालवत मी होतो."

पोलिसाने माझ्याकडे पाहिलं. मी नकाशात डोकं घातलं. थोड्या वेळाने वर पाहिलं तर त्याने विलासचं लायसन्स खिडकीतून परत दिलं होतं आणि तात्यांचं तात्यांच्या हातात ठेवत होता.

"चलान मात्र होणार, बाबा. मशीनमध्ये गेलंय. मालकाच्या नावावर जाईल."

"जाऊ द्या."

तात्या परत येऊन बसले. दार लावलं. विलासने गाडी सुरू केली नाही, तो नुसता समोर बघत होता. तेवढ्यात तात्यांच्या खिशात मोबाइल वाजला. त्यांनी तो बाहेर काढला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "आपण वेगमर्यादेचे उल्लंघन केले आहे."

मग चष्मा काढून घडी घातली.

"हां," तात्या म्हणाले. "या वेळी बरोबर लिहिलंय."