वाल्मिक मास्तरांनी उघडलेली हार्ड डिस्क

वाल्मिक मास्तरांच्या हाताला गुण आहे, हे आमच्या लिंबायतच्या वस्तीत कुणीही सांगेल. ते लूमचे मास्तर; कापड विणायचे बंद पडलेले लूम चालू करून देणं, पस्तीस वर्षं एवढंच त्यांनी केलं. कारखान्यात दोन-तीन माणसं डोकं खाजवत बसलेली असायची. मास्तर यायचे, मशीनला कान लावायचे, दोन नट सैल करून अडकलेला धोटा सोडवायचे आणि चहाला न थांबता निघून जायचे. गल्लीतले पंखे, मिक्सर, प्रमिलाबाईंची पिठाची गिरणी, सगळं त्यांच्याच हातातून जायचं, तेही फुकट. मला त्यांचा रागच यायचा. माझं लॅपटॉप-मोबाइल दुरुस्तीचं दुकान त्याच गल्लीत आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या वस्तू आधी मास्तरांनी उघडून पाहिलेल्या असायच्या.

म्हणून नागपंचमीनंतरच्या गुरुवारी ते स्वतः टॉवेलात लॅपटॉप गुंडाळून दुकानात आले तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

"माले हाई समजत नही, नितीनभाऊ," ते म्हणाले. "तुम्हीच देखा."

लॅपटॉप चालू केला तर काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या ओळी आल्या. हार्ड डिस्क सापडत नाही म्हणे. मी डिस्क बाहेर काढली आणि वायर लावून माझ्या कॉम्प्युटरला जोडली. त्यालाही ती दिसेना. कानाजवळ धरली तर आत टक, टक, टक असं वाजायचं आणि मग गप्प. मी विचारलं, आत काय आहे?

"उषाना आवाज," मास्तर म्हणाले.

उषाबाई म्हणजे त्यांची बायको. मी अकोल्याकडचा, आमच्यात कानबाई नसते. ती मला इथे येऊन कळली, ती उषाबाईंमुळेच. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई देवी बसते आणि बायका तिच्यापुढे गाणी म्हणतात. आमच्या गल्लीत ती सगळी गाणी पूर्ण येणारी एकच बाई होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशात कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतर आवाज अजिबात राहणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. मग हजीऱ्याला नोकरी करणाऱ्या चेतननं, म्हणजे त्यांच्या मुलानं, तीन दिवस सुट्टी काढली. पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवला आणि आईचं सगळं गाणं भरून घेतलं. कानबाईची गाणी, जात्यावरची, पोरांना झोपवायची. मधेच "चेत्या, पंखा बंद कर" असं ओरडणंही त्यात होतं. पेन ड्राइव्हमध्ये टाकून ठेवतो, असं तो तेव्हापासून म्हणत होता. असं म्हणणारे रोज चार भेटतात मला.

ऑपरेशननंतर उषाबाईंच्या गळ्याला भोक राहिलं, त्यावर पांढरा रुमाल. त्यांना लिहिता येत नाही. त्या नुसते ओठ हलवून बोलतात, आणि ते एकट्या मास्तरांना कळतं. पोटच्या पोरालाही धड कळत नाही. संध्याकाळी दोघं ओट्यावर समोरासमोर बसायची. बाईंचे ओठ भराभरा चालायचे, आणि मास्तर तिच्या तोंडावरची नजर न काढता "हां, हां" म्हणायचे. दुपारी मास्तर कारखान्यात असले की बाई स्वतःचाच आवाज लावून ऐकत बसायच्या. त्या घरात आवाज होता तो एवढाच.

मी मास्तरांना समजावलं. डिस्कमध्ये एक पातळ दांडी असते, ती चकतीवरून माहिती वाचते. ती अडकली आहे. चकती मात्र शाबूत असणार. अहमदाबादला लॅब आहे, तिथे धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडतात आणि बहुतेक वेळा सगळं परत मिळतं. दहा-बारा दिवस लागतील.

"रविवारले कानबाई शे. तेना पहिले व्हई का?"

"नाही होणार, मास्तर."

"पन फक्त अडकेल शे ना?"

माझ्यापुढे तोवर दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. मी म्हटलं, "हो, अडकलीय फक्त. पण हात लावू नका, अजिबात उघडू नका." चेतनच्या सुट्टीच्या दिवशी, मंगळवारी, दोघं अहमदाबादला जातो, असं सांगून ते डिस्क घेऊन गेले.

शनिवारी दुपारी ते परत आले. चेहऱ्यावर हसू होतं. असं हसू मी फक्त लूम सुरू झाल्यावर पाहिलं होतं. डिस्क माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "आते फिरस. देखा."

त्यांनी ती उघडली होती. डिस्कच्या स्क्रूंना चांदणीसारखी खाच असते, बाजारातला साधा पेचकस त्याला लागत नाही. मास्तरांनी सायकलचा आरा घासून स्वतः पेचकस बनवला. दांडी बोटानं बाजूला सारली. चकती पेट्रोलमध्ये भिजवलेल्या मलमलीनं पुसली, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला, आणि सगळे स्क्रू जागच्या जागी बसवले. काम इतकं सुबक की झाकणावर ओरखडा नाही. मी उघडून पाहिलं तर आत आरशासारख्या चकतीवर तेलाचे गोल गोल फराटे उठले होते आणि दांडी वाकली होती.

मी ओरडलो. वयाचा, गल्लीचा काही विचार केला नाही. "हा काय लूम आहे का, मास्तर? उघडू नका म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला!"

ते आधी गोंधळले. मग खाली बघत म्हणाले, "मी बी असंच सांगस ना, नितीनभाऊ. 'हात लावू नका, माले बलावा.' नही तं आपले कोन बलाई?"

मीही गिऱ्हाइकांना रोज तेच सांगतो, आणि दहातल्या नऊ वेळा त्याच कारणासाठी. तरी लॅबवाल्याला फोन लावला. उघडली, पुसली, हे ऐकल्यावर तो म्हणाला, पाठवू नका, उपयोग नाही. मास्तर समोरच उभे होते. मी फोन ठेवायच्या आत त्यांनी डिस्क उचलून खिशात घातली.

रविवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. जायची इच्छा नव्हती, पण न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. कानबाई बसली होती, बायका जमल्या होत्या, सगळ्यांना वाटत होतं आता उषाबाईंचा आवाज लागणार. बाईंनी नवी साडी नेसली होती. त्यांनी मास्तरांना हातानं खूण केली, लाव. मास्तरांनी तेव्हाही तिला सांगितलेलं नव्हतं.

ते तिच्यापुढे खाली बसले. "उषा, ते गयं. मन्हाच हाते गयं."

बाईंचे ओठ हलले. काय विचारलं ते आम्हाला कळलं नाही, पण मास्तर म्हणाले, "सगळं." पुन्हा ओठ हलले. "हां, तेबी." मग बाईंनी ओठ मिटले. बायकांनी कसंबसं एक गाणं सुरू केलं, दुसऱ्या कडव्याला कुणालाच पुढचं येईना.

मला अजून वाटतं, दोन मिनिटं काढून का उघडू नये ते नीट सांगितलं असतं तर? गिऱ्हाईक काही पळून जात नव्हतं.

पंधरा दिवसांनी मास्तर दुकानात येऊन बसले. काही दुरुस्तीला आणलं नव्हतं. म्हणाले, "उषा मन्हासंगे बोलत नही."

शेजारी मोबाइल घ्यायला आलेला एक पोरगा फिसकन हसला. त्याला वाटलं असेल, मुकी बाई आणखी काय बोलायची थांबणार? मी त्याला बाहेर काढलं. मास्तर सांगत होते, ती जेवायला वाढते, औषध घेते, ओट्यावर शेजारी येऊन बसतेसुद्धा. ते तिच्या तोंडाकडे बघत राहतात, आणि ती ओठ हलवत नाही.