हौसाबाईचे एरंड

शहाडला उल्हास नदीच्या काठी विश्रामची भाजीची वाडी होती. आत कोबी आणि मिरची, बांधाला एरंडाची रांग. दरसाल गावचे लोक होळीत उभा करायला एरंड मागायला येत. विश्राम एकच तोडून देई, बाकीच्या झाडांना बोट लावू देत नसे. का, ते त्याने बायकोला, हौसाबाईला, सांगितलं नाही. नवरे कुठे काय सांगतात!

एकावन्न सालच्या माघात तो तापाने गेला. हौसाबाई रडली नाही. भाकरी थापायची, पाणी आणायचं, हात आपोआप चालत. होळीला लोक आले तेव्हा ती "न्या" म्हणाली. किती, ते बोललीच नाही. त्यांनी सगळी रांग नेली.

चार दिवसांत कोबीची चाळण झाली. जिकडेतिकडे अळ्या.

नाथा, तिचा दीर, म्हणाला, "वयनी, एरंडानंच हा किडा आनला. आता वाडी मी बघतो. तू टिटवाळ्याला भावाकडं जा, सुखानं दोन घास खा."

"बरं," हौसाबाई म्हणाली. तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. "उरला कोबी काढते नि जाते."

पंधरा दिवसांनी तोडलेल्या एरंडांच्या खुंटांना कोंब फुटले. पाहते तर कोंब अळ्यांनी भरलेले, आणि शेजारच्या कोबीच्या गड्ड्यावर एकही नाही. तिने एकाच मापाच्या लहान अळ्या वेचल्या, तीन गाडग्यांत तळाला माती घालून सोडल्या. एकात एरंडाचा पाला, एकात कोबीचा, एकात मिरचीचा.

शेजारची गंगुबाई हसली, "अगो, अळ्यांना जेवू घालतंस? नि स्वतः कधी जेवलीस?"

आठव्या दिवशी एरंडावरच्या अळ्या करंगळीएवढ्या होऊन कोष करायला मातीत शिरल्या. कोबीवरच्या मध्यम. मिरचीवरच्या दोऱ्यासारख्या, निम्म्या मेलेल्या. रोज ताजा पाला होता, खातही होत्या. अंगी लागत नव्हता, एवढंच. हौसाबाई त्या गाडग्यापाशी बराच वेळ बसली.

नाथा बैलगाडी घेऊन आला तेव्हा ती बांधावर एरंडाच्या बिया टोचत होती.

"परत एरंड?"

"एरंडावर पोट भरत होतं, म्हणून अळी कोबीकडं फिरकत नव्हती. तुझ्या भावाला ठाऊक होतं."

"मग टिटवाळा?"

तिने मिरचीचं गाडगं त्याच्यापुढे सरकवलं. "ह्यांनाबी रोज ताजा पाला होता. खात होत्या, पन परका पाला अंगी लागला नाही." नाथाने आत पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि गाडी रिकामीच वळवली.

पुढच्या होळीला हौसाबाई स्वतः कोयता घेऊन बांधावर गेली. एक एरंड तोडून दिला आणि लोक जाईपर्यंत बाकीच्या झाडांपाशी उभी राहिली.